दादाने काय केलं

"दोन्ही कानांवर नीट बसलंय का, काका?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"बसलंय. पण यातून बोलणार कोण?"

"बाईंचा आवाज आहे. रेकॉर्ड केलेला. पडद्यावर जे जे होतं ते सगळं सांगतात. कोण आलं, कोण गेलं, कोणी काय केलं. आता तुम्हाला कोणाला विचारत बसायला नको."

"म्हणजे जसं आहे तसं सांगतात?"

"अगदी जसं आहे तसं."

हॅलोकाका समाधानाने हसले आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने हातातली तिकिटं दुमडली, उलगडली आणि पुन्हा दुमडली.

हॅलोकाका हे नाव ऑफिसने दिलेलं. एका मोठ्या ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर ते सव्वीस वर्षं बसत होते. तिथले सगळे नंबर त्यांना तोंडपाठ होते, आणि पलीकडच्याने नुसतं "हॅलो" म्हटलं की हा माणूस तक्रार करणार आहे की लग्नाचं आमंत्रण देणार आहे, हे त्यांना कळे. डोळे अकराव्या वर्षी तापात गेले होते. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. "अकरा वर्षं बघितलं, पुरेसं बघितलं," एवढंच म्हणत. सिनेमा मात्र त्यांचा पुरेसा बघून झालेला नव्हता.

ते काम बायकोकडे आलं. ती दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसायची. काचेच्या भोकातून समोरच्याला ऐकू जाईल आणि त्याच्या मागच्याला जाणार नाही अशा आवाजात बोलायची तिला सवय होती. थिएटरच्या अंधारात हा गुण फार उपयोगी पडतो.

लग्नानंतर पंधराव्या दिवशी दोघं पहिला सिनेमा बघायला गेली. दादाचा. दादा म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा हिरो. त्याचं खरं नाव पोस्टरवर असे, पण ते वाचण्याची कोणाला गरज पडत नसे. तर सिनेमात दादाची आई वारली. वाद्यांनी आकांत मांडला. हॅलोकाकांनी, तेव्हा ते काका नव्हते, नुसतेच नवे नवरे होते, बायकोकडे कलून विचारलं, "दादा काय करतोय?"

दादाने गॉगल काढला होता आणि पुन्हा घातला होता. बाकी चेहरा दगडी पायरीसारखा जिथल्या तिथे होता. तिने मनातल्या मनात त्याचं बारसं उरकून टाकलं: ठोकळा. पण नवऱ्याचा कान वाट बघत होता. पंधरा दिवसांच्या नवऱ्याला 'गॉगल काढला, गॉगल घातला' एवढ्यावर कसं भागवणार? त्याच सकाळी खिडकीसमोर एका माणसाला त्याची आई गेल्याचं कळलं होतं. त्याला आठवून ती म्हणाली, "भिंतीला टेकलाय. आईचा चष्मा हातात आहे. शर्टाच्या टोकाने पुसतोय. पुसतच बसलाय."

नवऱ्याने असा काही उसासा सोडला की पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. मग त्याने अंधारात तिचा हात धरला. त्या एका उसाशावर पुढची बावीस वर्षं उभी राहिली.

दादाचे एकतीस सिनेमे झाले. प्रेमात पडला की दादा शर्टाची कॉलर वर करायचा आणि संतापला की खाली करायचा, बहुधा दिग्दर्शकाला फरक कळावा म्हणून. उरलेला अभिनय ती करायची. खिडकीसमोर आठवडाभर जे दिसे ते शनिवारी दादाच्या अंगावर चढे. रिपोर्ट उलटा धरून वाचणारा बाप, धाकट्या भावाच्या सदऱ्याचं बटण लावता लावता थबकलेली मुलगी, भलत्याच वेळी हसू फुटलेली म्हातारी. दादा गरीब असो की जमीनदार, पोलीस असो की दरोडेखोर, तो दर सिनेमात दवाखान्यातल्या रांगेत उभा असे आणि त्याला त्याचा पत्ता नसे.

परिणाम असा झाला की हॅलोकाका दादाचे भक्त झाले. भक्त तर सगळेच होते, पण लोक दादाच्या मारामारीवर खूश होते आणि हॅलोकाका अभिनयावर. अख्ख्या ऑफिसात असा माणूस एकटाच. डिस्पॅच क्लार्क दुपारी बोर्डापाशी येऊन खोडी काढायचा.

"काका, दादापेक्षा आपल्या डिस्पॅचचं कपाट बरं. निदान दार उघडलं की करकरतं तरी."

"तुला बघता येत नाही. सोड."

"मला बघता येत नाही?"

"नुसते डोळे असून भागत नाही बाबा."

एकदा पेपरात कोणीतरी दादाला 'लाकडी' म्हटलं. काकांनी त्याच संध्याकाळी वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी पत्र सांगितलं आणि बायकोने आपल्या हाताने ते लिहून काढलं. शेवटचं वाक्य होतं: 'ज्यांना डोळे आहेत त्यांनी ते कधीतरी वापरावेत.' लिहिताना तिचं पेन अडखळलं होतं, पण पत्र छापून आलं. डिस्पॅच क्लार्कने ते कात्रण नोटीस बोर्डावर लावलं. ते अजून तिथेच पिवळं पडत होतं, कारण नोटीस बोर्डावरून काही काढण्याचा अधिकार कोणाचा, हे त्या ऑफिसात ठरलेलं नाही.

आणि आज कोणी एक बाई काकांच्या कानात जसं आहे तसं सांगणार होत्या.

दादाचा हा सिनेमा पाच वर्षांनी येत होता. दादा साठीला पोचला होता आणि आता त्याला कोण विचारतं, असं लोक म्हणत होते. शनिवारचा बाराचा खेळ, थिएटर निम्मं रिकामं. दिवे गेले. ती सवयीने नवऱ्याच्या कानाकडे कलली.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "बाई बोलतायत."

बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला थिएटरात काही काम उरलं नाही. आता आपण पकडले जाणार हे ठरलेलंच होतं, तेव्हा पकडले जाईपर्यंत काय करायचं म्हणून तिने पडद्याकडे पाहिलं.

बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकावर एक म्हातारा राखणदार होता. त्याने फाटकाला कुलूप लावलं. ओढून पाहिलं. चार पावलं जाऊन परत आला, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा त्याने फक्त वळून कुलपाकडे पाहिलं, आणि एखाद्या नातेवाइकाने सांगितलेलं पटलं नसलं तरी ऐकावं तसा निघून गेला. ती दादाची वाट बघत होती. राखणदाराने डबा उघडला, झाकण उताणं ठेवलं, जेवला, झाकणातलं पाणी झटकलं. बराच वेळ गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की हाच दादा आहे. गॉगल नव्हता. कॉलर होती, पण ती गळ्याभोवती जशी असते तशी होती.

राखणदाराची मुलगी लांबच्या शहरात गेली होती आणि तिचा फोन येत नव्हता. गोष्ट एवढीच. ती बघत राहिली. हा माणूस खिडकीसमोर येऊन गेलाय, असं तिला सारखं वाटत होतं. आपण इतकी वर्षं याच्या अंगावर दुसऱ्यांची माणसं चढवत होतो आणि हा बाबा कुठून ही सगळी घेऊन आला? इतके दिवस कुठे ठेवली होती? मध्यंतरात तिला चहा हवा का, असं काकांनी विचारलं. तिला ते दोनदा विचारावं लागलं.

शेवटी राखणदाराच्या खोलीतला फोन वाजला. त्याने उचलला. "हं," म्हणाला. मग बराच वेळ ऐकून पुन्हा "हं." मग "बरं." रिसीव्हर ठेवला आणि स्टुलावर बसला.

मग काहीच झालं नाही. कॅमेरा हलला नाही, वाद्यं वाजली नाहीत, दादा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काही आलं नाही. उलट होतं त्यातलं काहीतरी गेलं, आणि नेमकं कुठून गेलं ते बोट ठेवून दाखवता आलं नसतं. खिडकीसमोरच्या बाकावर असं बसलेलं माणूस तिने कितीदा पाहिलं होतं. ते तिने दादाला कधीच दिलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नसायचं. तिचे डोळे भरून आले. पुढचं तिला धड दिसलं नाही. पडद्यावर नावं आली, आणि दोनशे-अडीचशे माणसं जागच्या जागी बसून होती.

"संपलं ना? चल," हॅलोकाका हेडफोन काढत मोठ्यांदा म्हणाले. दोघा-तिघांनी त्यांच्याकडे देवळात शिंकल्यासारखं पाहिलं.

रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "दादा संपला."

तिने रुमालाने डोळे पुसले.

"त्या बाई शेवटी काय म्हणाल्या सांगू? 'तो बसतो. तो बसून आहे. तो अजून बसून आहे.' अगं, बसायला काय, मीही ऑफिसात बसतोच. आणि तो बसला तोवर यांनी नावं वाचायला घेतली. केशभूषा, वेशभूषा, वाहनव्यवस्था. पाट्या टाकल्या आज दादाने. वय झालं, दुसरं काय."

मूग गिळून बसण्याचा तिला बावीस वर्षांचा सराव होता. आणखी एकदा गिळले असते तर सगळं निभावलं असतं. नवऱ्याला संशय आलेला नव्हता. दादा उतरणीला लागला, एवढ्यावर प्रकरण मिटत होतं. पण ज्याने एकतीस सिनेमे पाट्या टाकल्या त्याला तिने कधी बोल लागू दिला नव्हता, आणि आज, नेमका आज, तो लागलेला तिला सोसेना.

"असं म्हणू नका," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा काम केलंय त्याने."

काकांची काठी थांबली.

"पहिल्यांदा?"

मागून येणारी माणसं दोघांना वळसा घालून पुढे जात होती.

"आईचा चष्मा पुसला तो?" काकांनी विचारलं.

"चष्मा नव्हता."

"मग काय पुसलं?"

"काही नाही पुसलं. स्वतःचा गॉगल काढला आणि घातला."

"बंदरावर, बोट सुटताना, बोटीकडे पाठ करून बोटं मोजत होता?"

"कॉलर वर केली."

"जन्मठेप झाल्यावर वकिलाच्या कोटावर चिकटलेला दोरा काढतो. तो?"

"कॉलर खाली."

काकांनी काठी एकदा उगाच फरशीवर टेकवली. "आणि ते पेपरातलं पत्र तू लिहून दिलंस. मी सांगत होतो आणि तू लिहीत होतीस."

"हो."

"बावीस वर्षं मी कोणाची बाजू घेऊन भांडत होतो गं?"

याचं उत्तर तिला येत होतं. पण ते फुटपाथवर उभं राहून देण्यासारखं नव्हतं.

त्या दिवसापासून काका तिला अहोजाहो करायला लागले. भांडणात आवाज चढवणाऱ्या नवऱ्याशी कसं वागायचं हे तिला माहीत होतं, पण "भाजी वाढू का?" या प्रश्नाला "वाढा, आभारी आहे" असं उत्तर आल्यावर बाईमाणसाने काय करावं? ती काही विचारायला गेली की ते "बोला" म्हणत, बोर्डावर म्हणत तसं. ऐकून घेत, आणि पुढे कुठेच जोडून देत नसत. सोमवारी सकाळी ते डबा न घेताच गेले.

त्या सोमवारी ऑफिसात वेगळंच झालं. डिस्पॅच क्लार्क दुपारी बोर्डापाशी आला आणि खोडी न काढता नुसता उभा राहिला.

"कोण?" काकांनी विचारलं.

"मीच." मग जरा वेळाने तो म्हणाला, "काका, काल बायकोला घेऊन गेलो होतो. दादाच्या सिनेमाला."

"बरं मग?"

"मानलं तुम्हाला. बावीस वर्षं आम्ही हसलो. तुम्हाला दिसत होतं आणि आम्हाला नाही. काय काम केलंय हो दादाने. बायको घरी येईपर्यंत बोलली नाही. ती, म्हणजे लक्षात घ्या."

पाठोपाठ टायपिस्ट बाई आल्या. मग साहेबांनी खुद्द इंटरकॉमवरून सांगितलं की पेपरात आलंय, इतकी वर्षं या नटाला आपण ओळखलंच नाही. "पण आमच्या ऑफिसपुरतं हे खरं नाही, असं मी घरी सांगितलं," असंही साहेब म्हणाले. कोणीतरी नोटीस बोर्डावरच्या कात्रणाला नवीन टाचणी लावली. काका सगळ्यांना "आभारी आहे" म्हणत होते. चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल सही करून घ्यावं, तसे.

मंगळवारी संध्याकाळी ते खुर्चीवर बसून बराच वेळ काठीची मूठ फिरवत राहिले. ती गहू निवडत होती.

"अगं," ते म्हणाले.

तिचा हात ताटात थांबला.

"काय केलं दादाने?"

"कधी?"

"शेवटी. स्टुलावर बसल्यावर. डिस्पॅचवाला म्हणतो, तो प्रसंग बघून त्याला स्वतःचे वडील आठवले. काय केलं म्हणून विचारलं तर म्हणतो, तुम्हाला ठाऊकच आहे. टायपिस्ट बाईंना विचारलं तर त्या नाक ओढायला लागल्या. मी विचारू तरी कोणाला? तू सांग."

तिने सांगायला तोंड उघडलं. बसलाय, म्हणाली. हात मांडीवर आहेत. नाही, म्हणजे मांडीवर ठेवलेले नाहीत, तिथे राहिलेत. डोळे उघडे आहेत. मग ती थांबली. पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा थांबली.

"मग?"

"काही नाही करत तो."

"हे तर त्या बाईंनीही सांगितलं."

"हो. बरोबरच सांगितलं त्यांनी."

"एखादी वस्तू नाही हातात? काही पुसत नाही, मोजत नाही?"

"नाही. अहो, मला नाही सांगता येत."

काकांनी मूठ फिरवायची थांबवली. "तुला?" ते म्हणाले. "तुला सांगता येत नाही?"

"नाही."

"नसलेला चष्मा तू मला काचेवरच्या चऱ्यासकट दाखवलास. आणि हे सांगता येत नाही?"

"नाही येत."

गव्हातला खडा ताटाच्या कडेला ठेवल्याचा आवाज झाला.

"म्हणजे खरंच असणार," ते म्हणाले. "मग बघायला पाहिजे."

बुधवारी दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तीनच्या खेळाला थिएटर भरलेलं होतं, सगळ्यात पुढच्या रांगेपर्यंत. काउंटरवरच्या मुलीने काकांना ओळखून हेडफोन पुढे केला.

"आज नको," काका म्हणाले. "आज घरचं आहे."

पण घरचं म्हणजे तरी काय होतं? ती कानाशी कलली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा जेवढं होतं तेवढंच सांगायला लागली. कुलूप लावलं. ओढलं. परत आला. आता नुसतं बघितलं. डबा उघडला. शब्द इतके थोडे लागले की तिलाच लाज वाटली. जिभेवर येणारा एक एक चष्मा, एक एक दोरा ती परत पाठवत होती. काका काही विचारत नव्हते. त्यांनी मान जराशी तिरकी केली होती, बोर्डावर लांबचा फोन आला की करायचे तशी.

फोन वाजला. "हं." मग "हं." मग "बरं."

"ठेवला," ती म्हणाली. "बसला."

त्यानंतर तिला शब्द सुचला नाही. शोधायचाही नव्हता. भरलेल्या थिएटरात पाचशे माणसं होती आणि कोणी खोकत नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड पडद्याकडे होतं, नेमकं दादाकडे.

मग अंधारात एक बारीक खट्ट झालं आणि एकसुरी आवाज सुरू झाला.

"उचलला परत," काका पुटपुटले.

तिने वर पाहिलं. शनिवारी डोळ्यांत पाणी होतं तेव्हा हेच निसटलं होतं, आणि काकांच्या कानात तेव्हा बाई केशभूषा-वेशभूषा वाचत होत्या. दादाने रिसीव्हर पुन्हा उचलला होता.

"डायल टोन आहे," काका सांगत होते. आवाज खिडकीतल्यासारखा होता, तिलाच ऐकू जाईल असा. "पलीकडे कोणी नाही. नंबर फिरवणार नाही तो. कोणाला लावणार?" ते थांबले. "कानाला नाही लावलेला. दबल्यासारखा येतोय. कापडावर आहे. छातीशी धरलाय का गं?"

दादाने रिसीव्हर छातीशी धरला होता. दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल खांद्यावरून खाली घेताना धरतात तसा.

"हो," ती म्हणाली.

"आता टोन बदलेल. इतका वेळ धरून ठेवला की बदलतो."

टोन बदलला. तुटक, घाईघाईचा झाला. दादा हलला नाही. पडदा हळूहळू काळा झाला, नावं वर सरकायला लागली, आणि त्यांच्या मागे तो आवाज चालूच राहिला. केशभूषा. वेशभूषा. दिवे लागले. थिएटरच्या रखवालदाराने दारं उघडली. पुढच्या रांगेतली दोन-चार माणसं डोळे पुसत, पिशव्या सावरत अर्धवट उठली.

"उठायचं का?" तिने विचारलं.

काकांनी मान हलवली. पलीकडच्याने फोन ठेवेपर्यंत ऑपरेटरने लाइन सोडायची नसते. सव्वीस वर्षांत त्यांनी ती एकदाही सोडली नव्हती.

"थांबा जरा," ते म्हणाले, आणि हे बोर्डावरच्या आवाजात म्हणाले, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "त्यांनी अजून ठेवलेला नाही."

पुढची माणसं परत खाली बसली.